यंत्र औषधही धुतं

नातीचं रक्त शुद्ध करणारं यंत्र दोन दिवस चालू होतं, तरी जंतुसंसर्गाचा ताप हटत नव्हता. मी जन्मभर ग्रंथपाल, आवाज चढवणं ठाऊक नाही. तरी डॉक्टरांची वाट अडवली.

"हे यंत्र विषाबरोबर अँटिबायोटिकही काढून टाकत असेल ना? डोस तर यंत्र लावण्याआधीचाच आहे."

"आजोबा, पुस्तकं वाचून डॉक्टर होता येत नाही."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय. रक्तातली औषधाची पातळी तपासा, मग मला खुशाल वेड्यात काढा."

"बाबा, बसा ना," सून पुटपुटली.

नर्सने नातीचं रक्त घेईपर्यंत मी बसलो नाही.

संध्याकाळी डॉक्टर स्वतः आले. "पातळी हवी त्याच्या निम्मीच निघाली. डोस वाढवलाय."

मी पुन्हा उभा राहिलो. "उद्याही तपासाल ना?"