चिनाराचे दोन तास

दर गुरुवारी दुपारी बुरुल नारीन नदीकाठच्या एका इमारतीचे तीन जिने चढून ताश्तानबाबांकडे जाई. बाबांना कशाचीच आठवण राहत नव्हती. मुलगा रशियात बांधकामावर होता आणि सून चिनारा चार वर्षं त्यांच्यापाशी अडकून पडली होती. अशा घरांना दोन तास मोकळीक मिळावी म्हणून दवाखान्यातल्या नर्सनं सात-आठ बायका जमवल्या होत्या. बुरुल त्यांतलीच. टपाल कचेरीतून निवृत्त झालेली, नवरा वारलेला, लेक परदेशी. उरलेले सहा दिवस तिच्याशी बोलायला कुणी नसे.

"कुठं उतरायचं?" बाबा विचारत. त्यांनी जन्मभर खिंडीपलीकडच्या आतबाशी गावाची बस चालवली होती.

"आतबाशीला."

"मग बस निवांत. खिंडीत बर्फ आहे. घाई असेल तर पायी जा!" स्वतःच्याच बोलण्यावर ते खळखळून हसत.

चौथ्या गुरुवारी बाबांच्या डोळ्यांवर ऊन आलं, म्हणून बुरुल पडदा ओढायला उठली. खाली बाकावर चिनारा बसली होती. अंगावर शाल, हात बाह्यांत खुपसलेले. हाडं गोठवणारी थंडी, पण दोन तास ती जागची हलली नाही.

ती वर आली तेव्हा बुरुल म्हणाली, "काय गं, बाजारात गर्दी होती?"

"होती की, एजे." थोरल्या बहिणीला म्हणावं तसं चिनारा तिला एजे म्हणे.

"आज बाजार बाकावरच भरला होता वाटतं."

चिनाराचा चेहरा उतरला. "जाऊ कुठं, एजे? मैत्रिणी बोलावून बोलावून थकल्या. माहेर दूर. घरात थांबले तर बाबा हाका मारतात."

पुढच्या खेपेला बुरुलनं तिच्या हातात किल्ली ठेवली. "माझ्याकडे जा आणि झोप."

"दुसऱ्याच्या घरी जाऊन झोपायचं?"

"तिथं कुणी हाक मारत नाही. माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार!"

त्या संध्याकाळी बुरुल घरी आली. उशीला खळगा पडला होता, त्यावर एक लांब काळा केस. चहाची दुसरी वाटी धुऊन पालथी घातलेली. कितीतरी वेळ ती कोट न काढता तशीच उभी राहिली. उशी तिनं सारखी केली नाही.

हिवाळाभर असंच चाललं. चिनारा कधी शेगडीवर सूप ठेवून जाई, कधी बुरुल तिच्यासाठी गोधडी उलगडून ठेवी. भेट मात्र दारातच, किल्ली देण्याघेण्यापुरती.

वसंतात चिनाराचा नवरा परतला आणि तिला आणि बाबांना राजधानीला, बिश्केकला घेऊन निघाला. गाडीपाशी चिनारानं बुरुलचे हात धरले. "इतक्यांदा तुमच्या घरी झोपले, एजे, पण एकदाही तुमच्यासोबत चहा घेतला नाही."

"झोप झाली ना तुझी? मग झालं."

बाबांनी काचेतून बुरुलकडे अनोळखी नजरेनं पाहिलं. गाडी गेली.

शनिवारी नर्सनं नवा पत्ता दिला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी होती आणि तिला सांभाळणारा एकटा नवरा. बुरुलनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. गुरुवार यायला अजून पाच दिवस होते.