जबड्यावर पहारा

काशीरामची अख्खी नोकरी बिरवाडीच्या एका कंपनीच्या गेटवर गेली. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, पिशवीत काय आहे, ही चौकशी अंगात अशी मुरलेली की रिटायर होऊन पोलादपूरजवळच्या आपल्या वाडीत आला तरी बाबा काही स्वस्थ बसेना. कोंबड्यांवर नजर ठेव, शेजारच्या चंद्रभागेच्या पाहुण्यांवर नजर ठेव. बायको सुंदराबाई तर वैतागून गेली होती.

मग लेकीच्या जबड्याचं ऑपरेशन झालं आणि काशीरामला पुन्हा ड्युटी मिळाली.

आता हा जबडा मुळात काशीरामचाच बरं का. हनुवटी पुढे आलेली, आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांची जन्मात कधी गाठ पडलेली नाही. तोच नमुना जसाच्या तसा दीप्तीवर उतरला. पोरगी हुशार, शाळेत मास्तरीण. पण कैरीचा लचका तिला कधी तोडता आला नाही. घरामागच्या आंब्याला एवढ्या कैऱ्या लागायच्या, आणि हिला आईने विळीवर चिरून द्यायच्या. ऑपरेशन ठरल्यावर लोक म्हणाले, लग्नासाठी चाललंय सगळं. दीप्तीने सरळ सांगितलं की मला कैरी चावायची आहे. कुणाचाही विश्वास बसला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला खालचा जबडा कापून मागे घेतला, पट्ट्या आणि स्क्रू लावून बसवला. घरी सोडताना डॉक्टर कालिंदी यांनी नीट समजावलं. हाड जुळेल, पण कानापुढचा सांधा जागेवर स्थिर राहायला हवा. तो सरकला तर जबडा हळूहळू जुन्या जागी जायला बघतो. मी सांगेपर्यंत कठीण काही चावायचं नाही, आणि जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची.

जुन्या जागी म्हटल्याबरोबर काशीरामचा हात स्वतःच्या हनुवटीवर गेला. जुनी जागा म्हणजे त्याचीच की. आपली हनुवटी किती हट्टी आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पोरीने एवढं सोसलं, आणि आपल्या घरचं हाड पुन्हा पुढे आलं तर तिला तोंड कसं दाखवायचं?

पहारा बसला. सकाळी चहाच्या आधी दीप्तीला अंगणात उभी करून बाजूने न्याहाळायचं. चंद्रभागा डबा घेऊन आली की दारातच तपासणी. चकल्या जप्त, चिक्की जप्त, भाजलेले चणे जप्त. आणि जप्त माल घरात ठेवायचा नाही, हा याचा नियम, म्हणून तो सगळा स्वतःच कडाकडा खाऊन टाकायचा. सुंदराबाई म्हणाली की असला पहारा मीपण करीन.

जांभईचं तर विचारूच नका. दीप्तीचं तोंड उघडायच्या आत बापाची मूठ हजर. सव्वीस जानेवारीला शाळेत पाहुण्यांचं भाषण लांबलं, दीप्तीचे डोळे मिटायला लागले, तसा हा मागच्या रांगेतून वाट काढत आला आणि सगळ्या पोरांसमोर लेकीची हनुवटी धरून उभा राहिला. दीप्ती लाजेने अर्धी झाली. दोन दिवस बापाशी बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी जांभई आली तेव्हा आपण होऊन त्याच्याकडे वळली.

मार्चमध्ये सगळे महाडला गेले. चवदार तळ्यावर दीप्तीचा आवाज दरवर्षी चार माणसांत उठून ऐकू यायचा. गर्दीत घोषणा सुरू झाल्या, तिने छातीभर श्वास घेतला, आणि काशीराम तिच्या कानाशी वाकला.

"तू मनात म्हण गो," तो म्हणाला, "मी दोघांचं म्हणतो."

आणि खरंच, ऊन उतरेपर्यंत तो दोघांचं म्हणत राहिला. घसा बसला, कानापुढे ठणका लागला, तरी थांबला नाही. दीप्तीला भरून आलं. तिने बापाचा हात घट्ट धरून ठेवला.

एप्रिलमध्ये डॉक्टर कालिंदी मुंबईहून पेशंट तपासायला महाडच्या दवाखान्यात आल्या. एक्स-रे झाला. काशीराम खुर्चीच्या टोकावर बसला होता, देवाधर्माचं काही मानत नसला तरी हात जोडलेलेच होते. बाईंनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले आणि पट्टी घेऊन दोन्हींवर मापं घेत बसल्या. काशीरामचा जीव अगदी टांगणीला.

"छान," शेवटी त्या म्हणाल्या. "हनुवटी आम्ही मागे नेली, पण सांधा होता तिथेच राखायचा होता. तो जागचा हललेला नाही. दीप्ती, आता हवं ते चाव. काका, तो अजून तुमच्याच घरचा आहे."

आपल्या घरचं म्हणून ज्याची एवढी धास्ती घेतली, तेच जागेवर टिकलं होतं. काशीरामला इतका आनंद झाला की तो तोंड उघडून हसला. कट असा आवाज आला, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. मिटेचना. बाईंनी हातमोजे चढवले, दाबून, चोळून जबडा जागेवर आणला आणि विचारलं, अहो, खाता काय तुम्ही? काशीराम दोन्ही हातांनी जबडा धरून बसला होता. दीप्तीने सगळा जप्त माल सांगितला, वर चवदार तळ्याचंही सांगितलं. बाई हसू दाबत म्हणाल्या की आता पेज प्यायची, ओरडायचं नाही, आणि जांभईला हनुवटीखाली मूठ.

संध्याकाळी घरामागे दीप्तीने कैरी तोडली, पदराला पुसली, मीठ लावलं. समोरच्या दातांनी तिने करकचून लचका तोडला. कैरीवर वरच्या-खालच्या दातांचे ठसे उमटले, एकासमोर एक. ती ते ठसे बघतच राहिली. पेजेची वाटी हातात घेऊन बसलेल्या काशीरामच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि काहीतरी बोलायला त्याचं तोंड उघडू लागलं. दीप्तीची मूठ त्याच्या हनुवटीखाली आधीच पोचली होती.

"हळू, बाबा," ती तोंडातली कैरी चावत म्हणाली. "मी दोघांचं खाते."