डांबराचे ठिपके

हर्षदाच्या दोन्ही गालांत निळेकाळे ठिपके रुतले होते आणि ते डांबराचेच आहेत, असं तिच्या आईनं, ललितानं, ठरवून टाकलं होतं. खरं म्हणजे बिरोबाच्या जत्रेत भावानं, सार्थकनं, जत्रेत बार उडवायच्या लोखंडी उखळात विनापरवाना बंदुकीची दारू ठासली, बत्ती दिली आणि ती शेजारी उभ्या बहिणीच्या तोंडावर उडाली. पण सार्थक रांजणगावच्या कंपनीत पर्मनंट व्हायचा होता. पोलीस केस झाली असती तर नोकरीवर पाणी पडलं असतं. मग काय, पोरगी गाडीवरून पडली, गाल रस्त्याला घासले, असं गावभर झालं. गाल पोरीचेच तर होते!

आता वरवंडचं स्थळ आलं होतं. रविवारी पाहुणे यायच्या आत ठिपके घालवायचे होते.

शिरूरच्या डॉक्टरांनी लेसरआधी विचारलं, "फटाका, सुरुंग, बंदुकीची दारू, असलं काही तोंडावर उडालं नव्हतं ना? कातडीत दारू राहिली असेल तर लेसरनं पेट घेते."

हर्षदानं तोंड उघडलं, तोच आईनं तिच्या मांडीला कचकन चिमटा काढला.

"न्हाई ओ डाक्टर, डांबर हाय ते."

"मला तिच्याकडून ऐकायचंय."

"डांबर," हर्षदा म्हणाली. वर्ष झालं, आता कसली पेटतीय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. भितरी मेली!

डॉक्टरांनी आधी उजवा गाल घेतला. चट् चट् चट् आवाज झाला, गालातून ठिणग्या उडाल्या. त्यांनी हात मागे घेईतो तीन खड्डे पडले होते. खोलीभर जत्रेचा वास सुटला.

"दारू होती!" हर्षदा किंचाळली. "दादानं उखळ उडवलं तवाची!"

"भ्यालीय, बरळतीय," ललिता शांतपणे म्हणाली. "डांबरच हाय."

डॉक्टर संतापले. "आता लेसर अजिबात नाही. उरलेले कण एकेक करून काढावे लागतील. पुण्याला न्या, मी चिठ्ठी देतो."

बाहेर येताच ललितानं चिठ्ठी चार तुकडे करून गटारात टाकली आणि लेकीच्या तोंडाला ओढणी गुंडाळली.

"चल, दौंडची यष्टी लागलीय. तिथल्या पार्लरात बी लेसर हाय, आन् काय बी इचारत न्हाईत. डावा गाल तरी उजळू."

हर्षदा गाडीत बसली.