सोवळ्यातली डिस्क

माणूस मराठी बोलतो म्हणून त्याला आपला समजायचं, हा माझा शुद्ध मूर्खपणा. पण सातारा सोडून चेन्नईत आले, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत गिरीधरराव भेटले आणि माझा जीव पाघळला. ते तंजावरकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, तिला तमिळची फोडणी. पुसला गेलेला डेटा परत मिळवून देणारी त्यांची छोटी लॅब. मी त्यांना काका म्हणायचे, आणि सगळं काम मला त्यांनीच शिकवलं.

"आलेली डिस्क सोवळ्यात," ते म्हणायचे. "शिवायचं नाही, नुसतं पाहायचं." कारण साधं आहे. नवी डिस्क जोडली की कॉम्प्युटर कुणाला न विचारता तिच्यावर काहीबाही लिहून ठेवतो. पुसलेली फाइल जिथे दडून असते, नेमकं तिथेच ते लिहिलं गेलं तर ती कायमची गेली. म्हणून आमच्या मशीनची ही खोड मी स्वतः मोडली होती. तिथे डिस्कवर अक्षर उमटवायचं तरी मुद्दाम कमांड द्यावी लागते, वर पासवर्ड.

शनिवारी ऋजुताच्या प्रकरणातली डिस्क आली. ऋजुता माझी रूममेट, श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये तिची उजव्या हाताची बोटं गेली. कंपनी म्हणते, सुरक्षेची जाळी हिनेच काढली. ही म्हणते, सुपरवायझरने काढायला लावली. कॅमेऱ्यातलं त्या दिवसाचं चित्रण कुणीतरी पुसलं होतं. ते परत मिळालं तरच सुनावणीत तिचं कुणी ऐकणार होतं. मैत्रिणीचं काम आहे, तुम्हीच करा, असं मी काकांना म्हटलंही. छे, तूच कर, म्हणाले. मला केवढा अभिमान वाटला, कप्पाळ माझं!

सोमवारी कपाटातून डिस्क काढली, जोडली. तिच्यावर शेवटचं लिहिल्याची तारीख रविवारची होती आणि चित्रणाच्या जागी नुसता कचरा. काकांना विचारलं, तर ते शांतपणे चष्मा पुसत बसले.

"सुम्मा लावून पाहिली, मा. मशीननं आपोआप लिहिलं असेल."

सुम्मा म्हणजे सहज, उगीच. या गावात निम्म्या चुका त्या एका शब्दावर माफ होतात. पण आमच्या मशीनला सहज काही करताच येत नाही, आणि हे मला शिकवणारा माणूसच मला ही थाप मारत होता. मी मशीनमधल्या नोंदी उघडल्या. लिहिण्याची परवानगी रविवारी दुपारी दिलेली होती, माझ्या नावाने. काका मागे तापाने पडले होते, तेव्हा घरून काम पाहता यावं म्हणून माझा पासवर्ड मीच त्यांना फोनवर सांगितला होता.

त्यांची मुलगी भव्या ऋजुताच्याच कंपनीत नुकतीच कायम झाली होती, तेही मला तेव्हाच सुचलं. मी तिचं नाव घेतलं. त्यांनी नाकारलं नाही.

"मशीनवर ढकल," ते म्हणाले. "सगळे मानतात. नाहीतर नाव तुझंच आहे."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला रडू आलं, आणि या माणसासमोर रडू यावं याचाच जास्त संताप आला. मशीनवर ढकललं असतं तर मी सुटले असते, पण ऋजुताशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

दुपारी ती आली. मी तिला सगळं सांगितलं, एकही गोष्ट वगळली नाही. मशीन आपोआप लिहीत नाही, कमांड माझ्या नावाने गेली, पासवर्ड काकांकडे होता, भव्या कुठे कामाला आहे. मग काका उठले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरगी घाबरली आहे," ते तिला म्हणाले. "तिला फार बोलू नकोस. चूक होते माणसाकडून."

मी त्यांचा हात झटकला. ऋजुताने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कंपनीने तुला काय देऊ केलं, सावनी?"