पंख्याचा टक

माझ्या प्रॅक्टिकलला नियम एकच. बिघडलेली वस्तू दुरुस्त करायची आणि मग तोच बिघाड पुन्हा आणून दाखवायचा. परत आणता आला नाही, तर दुरुस्ती नशिबाने झाली असं धरून मी अर्धेच मार्क देतो. आमचे विभागप्रमुख याला 'भंगार अभ्यासक्रम' म्हणतात. त्यांनी आयुष्यात प्रोजेक्टरच्या रिमोटपलीकडे काही हाताळलेलं नाही, त्यामुळे मी मनावर घेत नाही.

या वर्षी घरचा टेबलफॅन नेला. बायको गेली आणि थोड्याच दिवसांत पंखाही गेला. दोघांनीही मला विचारलं नाही. फिरता फिरता तिच्या बाजूला आला की तो 'टक' करायचा. मी कितीदा तरी टेबलावर घेऊन त्याचा गिअर उघडला. काही सापडायचं नाही.

"अहो, राहू द्या," ती म्हणायची. "तुमच्या घोरण्यापेक्षा बरा आहे. त्याच्यावर झोप लागते मला."

आता त्या टकशिवाय मला झोप लागत नाही. पोरांना यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "बंद पडलाय. चालू होता तेव्हा टक वाजायचा. दोन्ही आणा."

कपॅसिटर बदलल्यावर पंखा सुरू झाला. टक मात्र येईना. कोणी स्क्रू ढिले केले, कोणी जाळीत पट्टी अडकवली.

"हा खट आहे," मी म्हणालो. "टक नाही."

"सर, त्यातही प्रकार असतात?"

"असतात. पुढे."

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे वकील म्हणतात. उत्तरपत्रिकेतल्या अर्ध्या मार्कासाठी ती माझ्याशी जिन्यापर्यंत भांडत येते. तिने हात पुसले.

"सर, पंखा तुमच्या घरचा ना?"

"तुला काय करायचंय?"

"पंख्यात दोष नाहीये. म्हणजे दोष तुमच्या घरात असणार."

वर्ग खिदळला. मलाही हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

"कशावर ठेवायचात?"

"स्टुलावर."

"सरळ?"

मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात आठवलं. झोपण्याआधी ती पंख्याच्या पुढच्या कडेखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायची. मला सर्दी होते म्हणून वारा माझ्या डोक्यावरून जावा, एवढ्यासाठी. आणि मी शहाणा, पंखा सपाट टेबलावर घेऊन दोष शोधत बसायचो.

"पुढून उचललेला असायचा," मी म्हणालो. "बायको उचलायची. आता ती नाही."

खिदळणं थांबलं. वकिलाने इकडेतिकडे पाहिलं, विभागप्रमुखांचं शिस्तीबद्दलचं परिपत्रक फळ्यावरून काढलं, घडी घालून पंख्याखाली सरकवलं आणि बटण दाबलं. पंखा डावीकडे गेला, उजवीकडे आला.

टक.

मी खिडकीकडे तोंड केलं. पंखा फिरत राहिला.

"सर," थोड्या वेळाने वकील हळूच म्हणाली, "मार्क पूर्ण ना?"

"पूर्ण."

मागच्या बाकावरचा आमचा कुंभकर्ण बाकावर डोकं टेकून झोपी गेला होता. एरवी तो माझ्या बोलण्यावर झोपतो, म्हणून मला राग येतो. वकील त्याला ढोसायला निघाली.

"राहू दे," मी म्हणालो. "आणि पंखाही."