शेजारच्या सीटवरचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की तो दाबायचा, हे माझं काम. माझी नणंद परीक्षेत नापास झाली ती त्याच ब्रेकच्या भरवशावर. परीक्षक नुसता बघत बसला आणि वन्सं थेट कुंपणाला जाऊन टेकल्या.

आता त्यांच्या मुलानं बजावलं होतं, "आई, पुन्हा नापास झालीस तर बाबांची गाडी विकून टाकू."

दोन शिकवण्यांच्या मधे मी लेकीचं मानसशास्त्राचं पुस्तक वाचते. त्यात मनाचे तीन भाग सांगितलेत. इदम् म्हणतं, हवं, आत्ताच हवं. पराहम् म्हणतं, खबरदार! लहानपणापासूनच्या सगळ्या दटावण्या त्याला तोंडपाठ. या दोघांच्या कात्रीत सापडूनही समोरचा रस्ता बघून वाट काढतो, तो अहम्. गर्व नव्हे हो, घरचा कारभारी. आमच्या गाडीतला अहम् मीच, अशी माझी समजूत.

वन्संना हे सांगितलं तर म्हणाल्या, "तू कसली अहम्! तू माझी सासू. मी चुकायच्या आत तुझा पाय ब्रेकवर, आणि मला बिचारीला वाटतं, गाडी मीच थांबवली. पाय वर घे. मांडी घालून बस."

"अहो, माझे गुडघे..."

"त्यांचं गाऱ्हाणं नंतर ऐकते."

मी मांडी घातली. बाजाराच्या रस्त्यावर वन्संनी वेग वाढवला. इतक्या वर्षांची हौस ती, गालांवर लाली चढली. पुढचा सिग्नल पिवळा झाला.

"जाते गं, निघून जाते!" त्या ओरडल्या. मग लगेच, "नको मेलं, लोक काय म्हणतील!" आणि घाबरून दोन्ही पाय हवेत.

माझा पाय खाली निघालाच होता. मी तो हातांनी घट्ट धरला.

वन्संनी आरशात पाहिलं. "मागे टेम्पो आहे. लांब आहे," त्या पुटपुटल्या. पाय खाली आले आणि गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे अलगद थांबली. धक्कासुद्धा नाही.

मी धरलेला पाय हळूच सोडला.

परीक्षेत पास होऊन आल्या, तशी त्यांनी बाबांच्या गाडीची किल्ली मुलाच्या हातातून काढून घेतली.

"मागे बसा दोघं."

"आई, मामीला तरी पुढे..."

"पुढे माझी पर्स बसेल."

मी मुकाट्यानं मागे बसले. छाती अशी फुगली होती, की पट्टा पुरेना.