आगाऊमास्तरांची खरी वेळ

मास्तरांनी घड्याळाच्या डाव्या अंगाचं खालचं बटण नखाने दाबून धरलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. पडद्यावरचे आकडे लुकलुकायला लागले तरी त्यांनी बोट काढलं नाही. समोर खाडीच्या तोंडाशी जुन्या धक्क्याचा एकुलता एक खांब उभा होता. ओहोटीचं पाणी त्याच्या कमरेवरून आत्ता कुठे खाली सरकत होतं. घड्याळ मात्र सांगत होतं की पाणी केव्हाच खांबाच्या पायाशी जाऊन बसलंय.

घड्याळाची यात काहीच चूक नव्हती. जावई जहाजावर नोकरीला होता आणि त्याने सासूसाठी मुद्दाम हे घड्याळ पाठवलं होतं. उन्हावर चालणारं, सेलबिल नको. वेळेच्या खाली बारीकसा आलेख होता, त्यात काळे ठोकळे भरतीला चढायचे आणि ओहोटीला उतरायचे. आपल्या किनाऱ्याची भरतीची वेळ एकदा त्याला शिकवली की पुढचं सगळं ते आपलं आपण जुळवून घ्यायचं. फक्त त्याची वेळ खरी हवी, एवढीच त्या बिचाऱ्याची अट. आणि नेमकी तीच गोष्ट या घरात कधी नांदली नव्हती.

धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडण्यात मास्तरांची उमर गेली होती. वस्ती त्यांना आगाऊमास्तर म्हणायची, कारण त्यांची सगळी घड्याळं पुढे असायची. स्वयंपाकघरातलं, पलंगापाशी ठेवलेलं, मनगटावरचं, सगळी. एकदा म्हणे ते दवाखान्यात इतक्या लवकर पोचले की तिथला माणूस आदल्या दिवसाचं कुलूप लावत होता. त्यांच्या दारातला कोंबडा म्हणे सूर्य उगवायच्या आधी आरवून आरवून थकायचा आणि उजाडल्यावर ओशाळून गप्प बसायचा. या गोष्टींत मीठमसाला बराच होता, पण भाजी खरी होती. तरुणपणी एका संध्याकाळी शेवटची बोट मास्तरांच्या डोळ्यांदेखत सुटली होती आणि पलीकडच्या तीरावर, दवाखान्यात, त्यांची आई होती. त्यावर ते कधी बोलत नसत. नुसते घड्याळाचे काटे पुढे ढकलत.

भिंतीवरच्या घड्याळांना खोटं ठरवणारं कोणी नव्हतं. हे घड्याळ आलं आणि पंचाईत झाली, कारण त्याचा साक्षीदार खिडकीसमोरच पसरलेला होता. रोज ठोकळे उतरायचे आणि समुद्र जागचा हलायचा नाही. मास्तरांना ते बघवेना. त्यातच आदल्या दिवशी मुलीने फोनवर खडसावलं होतं. बाबा, घरातली घड्याळं हवी तेवढी पळवा, पण आईच्या हातात एक तरी खरं घड्याळ असू द्या. मास्तर हूं हूं करत राहिले होते.

आज त्यांनी रेडिओवरच्या वेळेशी मिनिट जुळवलं. मग भरतीचा आकडा पुन्हा तपासला आणि सेकंद शून्यावर येताच बटण सोडलं. ठोकळे क्षणभर नाहीसे झाले आणि पुन्हा उमटले. आलेखातलं पाणी खांबाच्या कमरेशी आलं होतं. बाहेरचंही तिथेच होतं.

मास्तरांना भर चौकात अंगरखा उतरवल्यासारखं वाटलं. जरा गार, जरा हलकं.

बायको आतून टोपली आणि खुरपं घेऊन बाहेर आली. शिंपल्या वेचायचं काम ती लग्नाआधीपासून करत होती. पूर्वी बायकांचा घोळकाच्या घोळका जायचा, एकजण पाण्यावर नजर ठेवायची आणि हाक घालायची. आता जवळचा गाळ उपसून रिकामा झाला होता, बाकीच्या दुसऱ्या कामांना लागल्या होत्या. शिंपल्या उरल्या होत्या त्या लांबच्या वाळूच्या पट्ट्यावर. तिथे जायला मधला ओहोळ ओलांडावा लागायचा आणि भरती लागली की आधी तो ओहोळ भरायचा, तोही पाठीमागे. वाकून खणणाऱ्या माणसाला पाणी दिसायचं ते समोरचं, दूरचं, शांत. घड्याळ आल्यापासून ती तिकडे एकटी जाऊ लागली होती.

"झाली का तुमची दुरुस्ती?" तिने हात पुढे केला.

मास्तरांनी पट्टा तिच्या मनगटाला बांधला. सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण इतक्या वर्षांची खोड अशी टोपली उचलता उचलता काय कबूल करायची. ती परत येईल, ठोकळे आणि पाणी जुळलेलं तिच्या लक्षात येईल, मग ती कंबरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघेल. तेव्हा आपण काही झालंच नाही असा चेहरा करून चहा मागायचा. एवढा सगळा बेत त्यांनी मनात रचला आणि प्रत्यक्षात म्हणाले, "बाही वर ठेव. त्याला ऊन लागतं."

"मलाही लागतं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

दुपार कलायला लागली तशी मास्तरांना करमेना. शेजारचा शिंपी दारातच मशीन टाकून बसायचा, ते त्याच्यापाशी जाऊन स्टुलावर टेकले. इकडचं तिकडचं झालं, हवेचं झालं, शिंप्याच्या मेव्हण्याच्या नव्या मोटरसायकलचं झालं. मग मास्तरांना राहवलं नाही. आज आपण काय केलं ते त्यांनी सांगून टाकलं, सांगताना आवाज उगाचच खाली आणला.

शिंप्याने मशीन थांबवलं आणि पोट धरून हसला. आता वस्तीत दुपार कधी होणार, असं काहीतरी म्हणाला. कोंबड्याला कळवलंत का, असंही विचारलं. मग डोळे पुसत म्हणाला, "बरं केलंत पण. वहिनींचा हिशोब तरी सुटला."

"कसला हिशोब?"

"वजाबाकीचा. अहो मास्तर, त्या तुमच्या घड्याळातनं वजा केल्याशिवाय वेळच सांगत नाहीत. मागे मी विचारलं, वहिनी, किती वाजले? तर म्हणतात, मास्तरांचे का खरे?" तो पुन्हा हसला. "आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तुम्ही जितकं पुढे ढकलता, तितकं त्या मनातल्या मनात मागे घेतात. विहिरीतल्या पोहऱ्यासारखं, जेवढा सोडला तेवढा ओढायचा."

मास्तर हसले नाहीत. आपली बायको कशी सगळीकडे वेळेवर पोचते, हे आपल्या घड्याळांचं पुण्य, असं ते आजवर धरून चालले होते. त्यांनी स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली.

शिंप्याचंही हसू ओसरलं. "त्यांना सांगितलंय ना तुम्ही?"

मास्तर उठले होते.

ज्या माणसाला त्या एका बोटीनंतर कधी उशीर झाला नव्हता, त्याला पळायचं कसं ते माहीतच नव्हतं. मास्तर गुडघे वर उचलत, हात हवेत टाकत, पाण्यात बुडणारा माणूस पळेल तसे पळाले. कोपऱ्यावर एक चप्पल सुटली, पुढे त्यांनी दुसरीही सोडून दिली. गल्लीतल्या लोकांना वाटलं, म्हातारा कोणाच्या तरी मागे लागलाय.

किनाऱ्यावर आले तेव्हा छातीत भाता चालला होता. ओहोळ भरत होता. भरतीचं पाणी आवाज न करता आत शिरत होतं, वर फेस नाही, लाट नाही, नुसतं रुंद होत चाललेलं. पलीकडे वाळूच्या पट्ट्यावर एक वाकलेला ठिपका दिसत होता.

मास्तरांनी हाका मारल्या. वारा समुद्रावरून येत होता, त्याने हाका उचलून मागे वस्तीत नेऊन टाकल्या. त्यांनी सदरा काढला आणि तो डोक्यावर फिरवू लागले.

ठिपका सरळ झाला. पण तिचं तोंड समुद्राकडे होतं. तिने डावा हात डोळ्यांजवळ नेला, थोडा वेळ तसाच धरला. इतक्या लांबून मास्तरांना घड्याळ दिसणं शक्य नव्हतं, तरी तिच्या मनात काय चाललंय ते त्यांना लख्ख दिसलं. वेळ बघितली, त्यातून नेहमीचं वजा केलं. अजून आहे.

ती पुन्हा खाली वाकली.

मास्तर पाण्याकडे धावले आणि गुडघ्याएवढ्या गाळात रुतून उभे राहिले. एक पाय उपसायला गेले की दुसरा आणखी खोल जाई. सदरा हातातून निसटून पाण्यावर पसरला आणि हळूहळू आत, वस्तीच्या दिशेने वाहत गेला. पाणी कुठल्या दिशेला चाललंय, ते त्याने सांगितलं तेवढं पुरेसं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी ती उठली, टोपली डोक्यावर घेतली, वळली. ओहोळाच्या काठाशी येऊन थबकली. पाण्याची रुंदी तिने बघितली असणार. मग ती आत उतरली. पाणी मांड्यांना लागलं, कमरेला लागलं. मधोमध आली तेव्हा छाती बुडली, नुसती टोपली आणि तिच्याखालचा चेहरा उरला. तिथे ती थांबली.

मास्तरांनी गाळातूनच दोन्ही हात पुढे केले.

टोपली जरा डावीकडे सरकली. पुन्हा थांबली. मग एक एक पाऊल चाचपत पुढे यायला लागली, बाजारातून परत येणाऱ्या बाईच्या चालीने, ना घाई ना गडबड. खांदे वर आले, मग कोपर, मग मनगट. ती अलीकडच्या उताराला लागली आणि मास्तरांच्या समोर येऊन उभी राहिली. अंगावरून पाणी निथळत होतं. ओठ निळे पडले होते.

"सदरा कुठाय तुमचा?" तिने विचारलं.

मास्तरांनी नुसतं वस्तीकडे बोट दाखवलं.

तिने टोपली उतरवून कंबरेवर घेतली आणि जरा दम खाल्ला. "वाऱ्याने पाणी फुगलंय आज. मधे छातीला लागलं, तिथे जागीच थांबले. पाय उचलेना. मग म्हटलं, घाबरायचं काय त्यात. यांचं घड्याळ आहे, म्हणजे हाताशी वेळ आहे." ती थोडी हसली. "तुमचा भित्रेपणा धरून चालत आले बघा."

मास्तरांनी पाय उपसायला बघितला. गाळातून लहान लहान बुडबुडे येत होते.

"किती पुढे ठेवलं होतंत?"

"नेहमीएवढंच," मास्तर म्हणाले.

तिने मान डोलावली. मग सहज, सवयीने, तिची नजर मनगटावर गेली. तिथून ती ओहोळाकडे वळली. तिचे ओठ किंचित हलले, बेरीज-वजाबाकी करताना हलतात तसे, आणि मधेच थांबले. ती पुन्हा घड्याळाकडे बघत राहिली. एवढा वेळ ती थंडीने कापत होती, ते कापणंही थांबलं.

मास्तरांना वाटलं, आता ती बोलेल. त्यांनी सगळं ऐकून घ्यायची तयारी केली.

तिने टोपली दुसऱ्या बाजूला घेतली, मोकळा हात त्यांच्या काखेत घातला आणि जोर लावला. आधी एक पाय सुटला, मग दुसरा. वर कोरड्या वाळूवर येईपर्यंत तिने त्यांना धरून ठेवलं, मग सोडलं आणि पुढे चालू लागली.

"यापुढे काही बदललंत," ती मागे न बघता म्हणाली, "तर मला आधी सांगत जा."

मास्तरांनी मान हलवली. ती पुढे होती, तिला ते दिसणार नव्हतं. चार पावलं गेल्यावर त्यांच्या ते ध्यानात आलं, आणि त्यांनी तोंडाने हो म्हटलं.